तरफेची झरणी

हेअर ड्रायरची गरम हवा पेनच्या मानेवर दहा-पंधरा सेकंद धरायची, मग पेन गालाला लावून बघायचं. ऊब गालाला सोसली तर पेनलाही सोसते. निब जिच्यात बसते ती पुढची मान रबराच्या तुकड्यात पकडायची आणि हलकेच डावीउजवीकडे झुकवायची. पहिल्या खेपेला ती हलत नाही. पुन्हा ऊब द्यायची, पुन्हा झुकवायची. घाई केली की नळीला तडा जातो. माझ्या हातून एक पेन असं गेलेलं आहे, आणि तो बारीकसा ‘टक्’ आवाज मी अजून विसरलेलो नाही. परवा समोर असलेल्या पेननं सहाव्या खेपेला मान सोडली. नळी कागदावर उलटी करून टिचकी मारली तेव्हा आतून काळा चुरा पडला, करपलेल्या पापडाचा पडावा तसा. शंभर वर्षांपूर्वी ती मऊ रबराची पिशवी होती.

पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेलं हे पेन अमेरिकेच्या शेफर कंपनीचं आहे, 1920 च्या आसपासचं. ते एबोनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं आहे. मूळचा काळा कुळकुळीत रंग उजेडानं उतरून आता चहाच्या चोथ्यासारखा झालाय. अंगावर एक चिंचोळी फट आणि त्या फटीत नखानं उचलायची धातूची पातळ पट्टी. तीच तरफ. पेन बनवणारे आणि दुरुस्त करणारे तिला लिव्हर म्हणतात.

टेबलावर सुटे भाग मांडले: टोपण, नळी, मान, निब, निबखालची जीभ, तरफ, तिच्याखालची दाबपट्टी, आणि चुरा झालेली पिशवी. टोपणावरची क्लिप धरली तर नऊ. शंभर वर्षांत या नवातला एकच भाग मेला होता, आणि नेमका तोच बदलता येईल अशा बेतानं पेन जोडलेलं होतं. वस्तू कशी बनवावी याचं इतकं शहाणं उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही. ते घडलं एका जवाहिऱ्याच्या दुकानात. पण ती हकिकत कळायला त्याआधीचं पाव शतक बघावं लागतं.

मराठीत फाउंटन पेनला ‘झरणी’ असा नेमका शब्द आहे. शाई झरत राहते ती झरणी. एकोणिसाव्या शतकातल्या पेन बनवणाऱ्यांची सगळी झटापट ‘झरणं’ आणि ‘सांडणं’ या दोन क्रियापदांच्या मधली होती. टाक दौतीत बुडवून दोन-चार शब्द लिहायचे, पुन्हा बुडवायचा, हे शतकानुशतकं चाललं होतं. पेनच्या पोटातच शाई ठेवता आली तर हा खटाटोप वाचेल, ही कल्पना जुनीच होती. अडचण हवेची होती. बंद नळीतून शाई खाली उतरायची तर तिच्या जागी हवा आत शिरली पाहिजे. हवा शिरली नाही तर पेन कोरडं पडतं, आणि एकदम शिरली तर कागदावर डाग पडतो.

ही गाठ व्यवहारात सोडवली न्यूयॉर्कच्या लुइस एडसन वॉटरमननं. 1884 साली त्यानं पेटंट घेतलं. निबखाली बसणाऱ्या जिभेला बारीक चर पाडायचे, म्हणजे शाई केशाकर्षणानं त्या चरांतून सावकाश खाली येते आणि त्याच वाटेनं हवा वर जाते, अशी ती रचना. वॉटरमन विमा एजंट होता, ऐन सहीच्या वेळी पेन गळलं, करार दुसऱ्याच्या हाती गेला आणि त्या रागातून त्यानं नवं पेन शोधलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. कंपनीच्या जाहिरातींनी ती नंतरच्या काळात घरोघरी पोहोचवली. अभ्यासक ती खरी मानत नाहीत, आणि तिची गरजही नाही. जिभेवरचे चर भिंगाखाली पाहिले की माणसानं किती विचार केला होता ते दिसतंच.

झरण्याचा प्रश्न सुटला. शाई भरण्याचा मात्र होता तसाच राहिला. वॉटरमनच्या पेनमध्ये शाई भरायची तर मान फिरवून काढा, ड्रॉपरनं थेंब थेंब शाई नळीत सोडा, मान पुन्हा आवळा, आट्यांवर आलेली शाई पुसा आणि बोटंही पुसा. महाराष्ट्रात 1960-70 च्या दशकांत शाळेत गेलेल्या कुणालाही हे वर्णन करून सांगावं लागणार नाही. खाकी चड्डीला, सदऱ्याच्या खिशाला आणि डोक्याच्या केसांना पुसलेल्या निळ्या शाईची ती पिढी. अमेरिकेतला फिरता विक्रेता किंवा कचेरीतला कारकून यांनाही हाच ताप होता. त्यात आणखी एक खोड होती. नळी अर्धी रिकामी झाली की हाताच्या उबेनं आतली हवा फुगायची आणि शाईचा टपोरा थेंब निबेतून बाहेर ढकलायची.

पेननं स्वतःच शाई ओढून घ्यावी, यासाठी 1890 नंतर नुसती झुंबड उडाली. बहुतेकांची मूळ युक्ती एकच होती. नळीत रबराची लांबट पिशवी बसवायची, तिला दाबून हवा काढायची, निब शाईत बुडवून दाब सोडायचा. पिशवी फुगते आणि शाई वर चढते. प्रश्न उरे तो एवढाच की नळीच्या आत बंद असलेली पिशवी बाहेरून दाबायची कशी? कुणी नळीला भोक ठेवून काडेपेटीच्या काडीनं दाबायला सांगितलं. कुणी मागच्या टोकातून तोंडानं फुंकायला सांगितलं. कुणी पिशवीला पीळ देऊन पाहिला. खुद्द वॉटरमन कंपनीनं एका पेनला खाच ठेवली होती, तिच्यात नाणं घालून पिशवी दाबायची. खिशात नाणं नसलं तर शाईही नाही.

या गर्दीत खरं यश मिळालं ओहायोतल्या टोलिडो शहरच्या रॉय कॉंकलिनला. त्याच्या पेनच्या पाठीवर धातूची चंद्रकोर उभी असायची. तिच्याभोवतीची कडी फिरवून मोकळी केली की चंद्रकोर अंगठ्यानं आत दाबता यायची. भरणं सोपं, हात स्वच्छ. मार्क ट्वेननं 1903 मध्ये या पेनची शिफारस केली, त्यात एक कारण मोठं गमतीचं दिलं होतं: चंद्रकोरीमुळे पेन टेबलावरून घरंगळत नाही, त्यामुळे तोंडून जाणाऱ्या शिव्या वाचतात. पण पाठीवरच्या त्या कुबडानं पेन हातात नीट बसत नसे, आणि ते दिसायलाही विचित्र होतं.

हे कुबड एका माणसाला खुपलं.

आयोवा राज्यात मिसिसिपीच्या काठी फोर्ट मॅडिसन नावाचं छोटं गाव आहे. तिथे वॉल्टर शेफर दागिने आणि घड्याळांचं दुकान चालवत होता. 1867 चा जन्म. बाप जवाहिऱ्या, पण घरची ओढग्रस्त, त्यामुळे पोरवयात छापखान्यात आणि किराणा दुकानात राबलेला. पुढे दागिन्यांच्या जोडीला पियानो आणि ऑर्गनसुद्धा विकलेला. 1907 साली, चाळिशीत, कॉंकलिनची जाहिरात त्याच्या वाचनात आली. पिशवी दाबायची कल्पना त्याला पटली, बाहेर आलेला भाग पटला नाही. नळीत लांबीच्या दिशेनं फट पाडून तिच्यात एक पातळ तरफ बसवली तर? मिटलेली असताना ती नळीच्या पृष्ठभागाशी एकजीव, नखानं उचलली की आतलं टोक दाबपट्टीवर येणार, पट्टी पिशवीला सपाट करणार. तरफ पुन्हा मिटली की पिशवी श्वास घेणार.

तरफेची कल्पना त्याच्या आधी कुणाला सुचलीच नव्हती, असं नाही. पण कागदावरची तरफ आणि रोज खिशातून काढून वापरायची तरफ यांत फरक असतो. फट पडली की नळी तिथे कमजोर होते. तरफ ढिली असली तर कपड्यात अडकते, घट्ट असली तर नख मोडतं. दाबपट्टी सरकली तर पिशवीला एकीकडेच दाबते आणि फाडते. या सगळ्याला उत्तर हवं होतं अर्ध्या इंचाच्याही आत, आणि अशा मापात विचार करण्याची सवय ज्याच्या हाताला होती अशा माणसानं ते शोधलं. 25 ऑगस्ट 1908 या तारखेचं त्याचं पहिलं पेटंट आहे. त्यातली आकृती बघताना मला नेहमी घड्याळाचा मागचा झाकणवाला भाग आठवतो: आत काय आहे ते लपवलेलं, पण उघडायची सोय केलेली.

पेटंट हाती आलं तरी त्यानं लगेच कारखाना काढला नाही. चार वर्षं तो दुकानच चालवत राहिला. पेनच्या धंद्यात वॉटरमन, पार्कर, कॉंकलिन यांच्यासारखी भक्कम घराणी बसलेली होती, आणि शेफरचं वय वाढत होतं. 1912 मध्ये सुधारलेल्या रचनेचं दुसरं पेटंट मिळालं आणि पंचेचाळिसाव्या वर्षी त्यानं साठवलेला पैसा पणाला लावला. दुकानाच्या मागच्या खोलीत सात माणसांनिशी पेनं बनू लागली. पेनविक्रीत मुरलेले बेन कूल्सन आणि जॉर्ज क्रेकर हे दोघं भागीदार झाले, आणि 1913 मध्ये कंपनी रीतसर नोंदली गेली. पुढे क्रेकर वेगळा झाला, स्वतःची तरफेची पेनं काढू लागला आणि प्रकरण कोर्टात गेलं. जे चालतं त्याची नक्कल होतेच. तरफ चालत होती.

किती चालत होती ते वॉटरमनच्या वागण्यावरून कळतं. जगातली सर्वांत मोठी पेन कंपनी नाण्याची खाच आणि सरकत्या झाकणांचे प्रयोग करून थकली आणि 1915 मध्ये तिनंही तरफ आणली. शेफरचं पेटंट ओलांडण्यासाठी तिनं तरफ एका छोट्या धातूच्या पेटीत बसवून ती पेटी नळीच्या फटीत अडकवली. आज दुरुस्तीला आलेलं जुनं वॉटरमन त्या पेटीवरूनच ओळखू येतं. पार्कर कंपनीनं तरफ घेतली नाही. तिनं नळीच्या शेपटाला बटण ठेवलं, वर आंधळं टोपण घातलं आणि आमच्या पेनच्या अंगावर कसलाच अडथळा नाही, असा प्रचार केला. बाकी लहानमोठ्या कारखान्यांनी मात्र तरफच उचलली. इंग्लंडात स्वान आणि ब्लॅकबर्ड ही पेनं काढणारी मेबी टॉड कंपनी आणि लंडनची कॉनवे स्टुअर्ट यांनी पुढची कित्येक दशकं तरफेची पेनं विकली.

काळही अनुकूल होता. 1914 ला युद्ध सुरू झालं आणि लाखो माणसं घरापासून दूर खंदकांत जाऊन बसली. पत्र लिहिणं ही त्यांची रोजची गरज झाली, आणि दौत-टाक घेऊन कुणी खंदकात उतरत नाही. पार्करनं तर शाईच्या गोळ्या पोटात ठेवणारं खास पेन काढलं. गोळी पाण्यात विरघळवली की शाई तयार. युद्ध संपलं तेव्हा स्वतःत शाई भरणारं पेन खिशाला लावण्याची सवय एका अख्ख्या पिढीला लागलेली होती.

त्यानंतरचं दशक या पेनांचं वैभवाचं. 1920 मध्ये शेफरनं ‘लाइफटाइम’ नावाचं पेन आणलं. बऱ्यापैकी पेन अडीच-तीन डॉलरला मिळत असताना याची किंमत पावणेनऊ डॉलर. निब जन्मभर टिकेल असं वचन कंपनी देत होती. त्यामागे एक साधं कारण होतं. कचेऱ्यांत कार्बन कागद आला होता. एका वेळी तीन-चार प्रती काढायच्या तर जोर लावून लिहावं लागायचं, आणि सोन्याच्या नाजूक निबा त्या जोरानं फाकायच्या. शेफरनं निब जाड केली, इतकी की ती खिळ्यासारखी कडक झाली. ज्यांना अक्षराच्या रेघा जाड-बारीक वळवायची हौस होती त्यांना ती आवडत नसे. हिशेबनीस आणि विक्रेत्यांना ती हवीच होती. पुढच्याच वर्षी पार्करनं लाल रंगाचं थोराड ‘डुओफोल्ड’ सात डॉलरला बाजारात आणलं, आणि महागडं पेन ही मिरवायची गोष्ट झाली.

1924 मध्ये शेफरनं एबोनाइट सोडून सेल्युलॉइड धरलं. त्याला त्यांनी ‘रेडाइट’ असं नाव दिलं. एबोनाइटला काळा आणि तांबडा याखेरीज रंग जवळजवळ नव्हतेच. सेल्युलॉइडमध्ये पाचूसारखा हिरवा आला, पुढे मोत्याची आणि संगमरवराची झाक आली. टोपणावर एक पांढरा ठिपका बसवला, तोच पुढे कंपनीची खूण बनला. सेल्युलॉइड बनवताना कापूर लागतो. आजही त्या काळातल्या पेनची कड घासली की देवघराचा वास येतो. पण वातीजवळ नेऊ नये, क्षणात भडकतं.

याच हिरव्या पेनांत तरफेचा एक दोष उघडा पडला. पिशवीचं रबर जुनं होताना गंधकाचे वायू सोडतं. एबोनाइटला त्याचं काही होत नव्हतं, पण फिकट सेल्युलॉइड आतून काळवंडू लागलं. त्या काळातली हिरवी पेनं पाहा: टोपण अजून ताज्या पानासारखं, आणि नळी शिजलेल्या भेंडीच्या रंगाची. तो डाग जात नाही. दुरुस्ती करणारा फार तर पिशवी लवकर बदलून तो वाढू देत नाही. दुसरी कमतरता पोटाची होती. पिशवी, पट्टी आणि तरफ यांना जागा लागते, म्हणून त्याच आकाराच्या ड्रॉपरच्या पेनपेक्षा शाई कमी मावते. आणि किती उरली ते दिसत नाही.

गिऱ्हाइकाला ते दिसायला हवं होतं. 1929 मध्ये जर्मनीच्या पेलिकाननं दट्ट्यानं शाई ओढणारं पेन आणलं, 1933 मध्ये पार्करचं पारदर्शक पट्ट्यांचं ‘व्हॅक्युमॅटिक’ आलं. शेफरलाही दट्ट्याची रचना काढावी लागली. पण त्याच मंदीच्या वर्षांत, न्यू जर्सीतल्या कॅम्डेनच्या एस्टरब्रुक कंपनीनं तरफेला नवं आयुष्य दिलं. तिची पेनं डॉलरभर किमतीची. निब आणि जीभ एकाच स्क्रूच्या तुकड्यात बसवलेली, हातानं फिरवून काढता येणारी. निब झिजली तर दुकानातून नवी आणा, बारीक हवी तर बारीक, रुंद हवी तर रुंद. श्रीमंतांच्या पेनमध्ये कारागीर जे करू शकत होता ते इथे शाळामास्तर स्वतःच करू शकत होता. शेफरचं ‘लाइफटाइम’ माझ्या मते सुंदर आहे. पण तरफेच्या पेनचा स्वभाव कुणी पुरता ओळखला असेल तर तो एस्टरब्रुकनं.

ही विलायती पेनं हिंदुस्थानातही येत होती. वकील, डॉक्टर, संपादक यांच्या खिशाला ती दिसत, आणि ब्लॅकबर्ड हे नाव जुन्या मराठी माणसांच्या तोंडी होतं. पण आपल्याकडे बनलेल्या पेननं तरफ फारशी घेतली नाही. आंध्रात राजमहेंद्री इथे रत्नम यांनी गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहातून एबोनाइटची पेनं घडवली. 1935 मध्ये गांधीजींनी पत्र लिहून त्यांच्या पेनची पोच दिली. तिथून पुढे देशी पेन म्हणजे लेथवर कातलेलं, ड्रॉपरनं भरायचं एबोनाइटचं पेन, हे समीकरण रूढ झालं. मला त्यात मागासपणा दिसत नाही. आपल्या उष्ण, दमट हवेत रबरी पिशवी लवकर चिकट होते आणि मरते. पिशवी नसलेल्या पेनमध्ये मरायला काहीच नसतं, आणि शाई दुप्पट मावते. मुंबईत दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये घोडा छाप शाईच्या पुड्या आणि गोळ्या काढून ज्या धंद्याचा पाया घातला, तोच पुढे कॅम्लिन झाला. आपल्या शाळकरी पेनांत पिढ्यानपिढ्या थेंबाथेंबानं उतरली ती त्यांची शाई.

अमेरिकेत तरफेचा शेवट दोन बाजूंनी आला. 29 ऑक्टोबर 1945 रोजी न्यूयॉर्कच्या गिंबेल्स या मोठ्या दुकानात मिल्टन रेनॉल्ड्सचं बॉलपेन साडेबारा डॉलरला विक्रीला आलं आणि घ्यायला लोक लोटले. ते पेन गळायचं, अडायचं. पण वाट दाखवून गेलं. 1950 मध्ये फ्रान्समध्ये बिकचं स्वस्त बॉलपेन आलं, आणि शाई संपली की पेन फेकून द्यायचं ही सवय जगाला लागली. दुसरी बाजू घरातली होती. 1949 मध्ये शेफरनं हवेच्या दाबानं पिशवी दाबणारी ‘टचडाउन’ रचना आणली आणि आपलीच तरफ निवृत्त केली. वॉल्टर शेफर तीन वर्षं आधीच, 1946 मध्ये, गेला होता. 1997 मध्ये त्याची कंपनी विकत घेतली ती बिकनं. 2008 मध्ये फोर्ट मॅडिसनचा कारखाना बंद झाला.

एव्हाना जुन्या बाजारांत, लिलावांत आणि आजोबांच्या कपाटांत लाखो तरफेची पेनं पडून होती. 1970-80 च्या दशकांत अमेरिका आणि इंग्लंडमधले छंदिष्ट लोक ती उघडू लागले, आणि त्यांच्या लक्षात आलं की बहुतेक मेलेली नाहीतच. दट्ट्याची आणि व्हॅक्युमॅटिकसारखी पेनं दुरुस्त करायला खास अवजारं लागतात. तरफेच्या पेनला ऊब, संयम आणि नवी पिशवी पुरते. पिशव्या पुन्हा बनू लागल्या. त्यांची मापं इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतात: सोळा नंबर म्हणजे पाव इंच व्यास. काही कारागीर आज नवी तरफेची पेनंही घडवतात. एबोनाइटची किंवा ॲक्रिलिकची कांडी लेथवर कातून पोकळ करणं त्यातलं सोपं काम. खरा कस लागतो फट कापताना. ती केसभर तिरकी गेली तर तरफ नळीच्या अंगात लपत नाही, एका बाजूनं उठून राहते. आणि एकदा पडलेली फट बुजवता येत नाही.

माझ्या पेनकडे येतो. तरफ अडकलेली असताना ती जोरानं उचलायची नसते, हे पहिलं पथ्य. आतल्या दगड झालेल्या पिशवीवर ती टेकलेली असते, जोर केला की तरफ वाकते किंवा फटीची कड फुटते. दुसरं पथ्य पाण्याचं. जुनं एबोनाइट पाण्यात भिजत ठेवलं तर उरलासुरला काळेपणाही जातो. म्हणून धुवायची ती फक्त निब आणि जीभ. नळी आतून कोरड्या ब्रशनं खरवडून काढली. दाबपट्टी गंजली नव्हती, हे नशीब. मानेच्या मागच्या बोंडावर चिकटलेले पिशवीचे कपटे नखानं सोलून काढायला अर्धा तास गेला. नवी पिशवी नळीच्या तळाला टेकणार नाही इतकी कापली, कारण टेकली तर मुडपते आणि अर्धीच भरते.

आणि मग लाख. पिशवी मानेला चिकटवायला जगभरचे दुरुस्तीवाले आजही स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख वापरतात. आपले सुतार लाकडाच्या पॉलिशला घेतात तीच चपडा लाख, पळस आणि कुसुमाच्या झाडांवर किडे जी स्रवतात ती. आपल्या गोंदियाकडच्या रानांनीही ती पुरवली आहे. आजच्या सुपरग्लूनं पिशवी जास्त घट्ट बसेल. पण ती पुन्हा निघणार नाही, आणि पुढच्या वेळी मान फुटेल. लाख शाईला दाद देत नाही, मात्र ऊब दिली की सोडते. म्हणजे ज्यानं हे पेन 1920 च्या आसपास जोडलं त्यानं ते उघडण्यासाठीच जोडलं होतं, आणि परवा सहाव्या खेपेला मानेनं माझं ऐकलं ते त्यामुळेच.

ब्रशनं लाखेचा एक पातळ हात दिला, पिशवी बोंडावर चढवली, रात्रभर वाळू दिली. सकाळी पिशवीला शंखजिऱ्याची भुकटी चोळून ती नळीत सारली. निब शाईत बुडवून तरफ उचलली तेव्हा बुडबुडे फुटले. मिटली आणि मनात दहापर्यंत मोजलं, कारण पिशवीला श्वास घ्यायला वेळ लागतो. पुन्हा उचलली, पुन्हा मोजलं. तिसऱ्या खेपेला बुडबुडे आले नाहीत. पहिली रेघ कोरडी गेली, दुसरीत शाई उतरली.

अशी पिशवी दहा-वीस वर्षं जाते. डबीत पेनजवळ एक चिठ्ठी ठेवली आहे, तिच्यावर याच पेननं लिहिलंय: पिशवी सोळा नंबर, चिकटवायला लाख, आणि कालची तारीख.